दोन मिनिटांचा पाहुणचार

गुणवंतभाऊंनी गेल्या नऊ वर्षांत माझा जेवढा पाहुणचार केला, तेवढा सगळा मलकापूर स्टेशनच्या फलाटावर केला, आणि दर वेळी दोन मिनिटांत. आमची गाडी तिथे तेवढीच थांबते.

दोन मिनिटांत कसला पाहुणचार होतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण भाऊ तेवढ्यात जेवणाचा डबा देतात, मागच्या खेपेचा रिकामा डबा परत घेतात, घरातल्या एकेकाची तब्येत विचारतात, नात्यात कोण गेलं, कोणाला काय झालं, कोणाचं कुठे जमलं हे सांगतात, खिडकीच्या गजांतून हात घालून पोरांच्या डोक्यावर ठेवतात, मला एखाद्या गोष्टीवरून झापतात आणि गाडी हलायच्या आत पाच पावलं मागे सरकून हात वर करून उभे राहतात. "दोन मिनिटं लय झाले," असं त्यांचं म्हणणं. "लोकं चार-चार दिवस मुक्काम ठोकतात अन् कामाचं एक अक्षर बोलत नाहीत."

भाऊ माझे मावसभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. सगळी नोकरी एसटीत गेली. आधी कंडक्टर, मग मलकापूरच्या स्टँडवर कंट्रोलर. रिटायर झाले, पण आवाज स्टँडवरच राहिला. घरात पोळी मागायची तरी गाडी लागल्याची सूचना दिल्यासारखी मागतात, असं वहिनी म्हणायच्या. रेल्वेबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. पळत येणाऱ्या म्हातारीसाठी एसटीचा ड्रायव्हर ब्रेक दाबतो आणि रेल्वेचा दाबत नाही, एवढ्यावरून त्यांनी ते मत बनवलं आहे.

स्टेशनवर डबा घेऊन जायची रीत आमच्याकडे जुनीच. पाहुणा गावावरून चालला आणि उतरणार नसला, तर गाडीवर जाऊन त्याच्या हातात दोन भाकरी ठेवायच्या. बाकीचे लोक सवड असली तर ठेवतात. भाऊंनी त्याचं वेळापत्रक केलं. सुटी शनिवार-रविवारला जोडून आली की नात्यातला कोण कुठून कुठे चालला, कोणत्या गाडीने, कोणत्या बोगीत, हे त्यांना आठ दिवस आधी पाठ असतं. कोणती बोगी फलाटावर कुठे येते याच्या त्यांच्या खुणा ठरलेल्या आहेत. एस-दोन नळापाशी, एस-पाच चहावाल्याच्या अलीकडे, आणि त्याच्या पुढची जिथे सावली संपते तिथे. एसी बोगीवर त्यांचा राग. काचेतून कोणी भाकर देतं का, असं ते विचारतात. माझ्या मेव्हण्याने एकदा एसीचं तिकीट काढलं, तर भाऊंनी फोन करून त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

पहिल्या वर्षी ते कंडक्टरची शिट्टी घेऊन यायचे. दीड मिनिट झालं की वाजवायची, म्हणजे आमच्यातला कोणी खाली उतरला असेल तर त्याने वर चढावं. ती ऐकून एकदा चार अनोळखी माणसं हातातला चहा टाकून भलत्याच बोगीत चढली. रेल्वे पोलिसाने भाऊंना बाजूला घेऊन प्रेमाने समजावलं. तेव्हापासून ते टाळी वाजवतात.

हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान. त्याच्या मागच्या बाजूला मुद्दे लिहिलेले असतात, सात. भाऊ ते एकामागून एक घेतात आणि मधे कोणी फाटे फोडले तर ओरडतात. मी फाटे फोडतोच, त्यामुळे सहाव्यापर्यंत गाडी सुटते. मग मागे पडत जाणारा त्यांचा आवाज ऐकू येतो, "सातवा राह्यला. पुढच्या खेपेले." सातवा मुद्दा काय, हे मी कधी विचारलं नाही. एखाद्या स्थळाची चौकशी असेल, असं धरून चाललो.

गेली दोन वर्षं त्यांचे प्रश्नही विचित्र झाले होते. मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, कोणत्या रंगाची साडी नेसली आहे. पोरीने केस कापले म्हणतात, ते खांद्याच्या वर की खाली. पोरगा आता माझ्या सदऱ्याच्या कितव्या गुंडीला लागतो. हे सगळं ते पेन्सिलीने टिपून घ्यायचे. मी मंदाला म्हणालो, भाऊंचं डोकं सरकत चाललं. मंदा म्हणाली, तुमच्यापेक्षा सावकाश.

एक दिवाळी तर मी विसरणार नाही. त्या दिवशी गाडीच्या बोग्या नेहमीच्या उलट्या क्रमाने लागून आल्या. भाऊ नळापाशी, आम्ही पार दुसऱ्या टोकाला. ते डबा छातीशी धरून पळत सुटले, अर्ध्या वाटेवर दम लागला, गाडी हलली, आणि समोरच्या खिडकीत जो हात दिसला त्यात डबा देऊन मोकळे झाले. तो हात गोंदियाच्या एका कुटुंबाचा होता. भरलेला डबा कोणी हातात दिला तर तो नाकारायचा कसा, म्हणून त्यांनी घेतला आणि खाल्ला. डब्यावर भाऊंचं नाव आणि मलकापूर कोरलेलं, वर चिकटपट्टीवर फोन नंबर. त्या लोकांनी फोन करून भाकरी फार मऊ होत्या असं कळवलं आणि परतीच्या प्रवासात तोच डबा चिवड्याने भरून दिला. आता तेही भाऊंच्या वेळापत्रकात आहेत. त्यांच्या मुलीच्या बारशाची बातमी मला भाऊंच्या चौथ्या मुद्द्यात कळली. माझं म्हणणं एवढंच, की त्या डब्यातलं भरीत माझं होतं. नाशिकपासून मी काही खाल्लं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, की भाऊंचं घर स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, मग हा माणूस उतरून सरळ घरी का जात नाही. त्याचं कारण मी आहे.

मी मूळचा रोहिणखेडचा. वडील लवकर गेले. मलकापूरला मावशीकडे, म्हणजे भाऊंच्याच घरी राहून बाजार समितीतली रिकामी पोती गोळा केली, झटकली, शिवली, विकली. आज नाशिकला माझं बारदान्याचं दुकान आहे. यात कोणाची शिफारस नाही. एकेका पोत्यावर घासाघीस करून उभं केलं आहे, आणि कोथिंबिरीची जुडीही मी अजून भाव केल्याशिवाय घेत नाही. अशा माणसाला मालात कमी दिलेलं एक वेळ चालतं. मानात कमी दिलेलं चालत नाही.

नऊ वर्षांपूर्वी भाऊंच्या मुलीचं, छायाचं लग्न झालं. त्या लग्नात मी तीन दिवस राबलो. मंडपवाल्याशी मी भांडलो, आचाऱ्याला मी दटावलं, वांगी मी निवडली. आणि लग्नाच्या दिवशी, मंडपात चारशे माणसांसमोर, नावं पुकारून शेला-टोपी देणं सुरू झालं. पुकारायला भाऊ स्वतः, स्टँडच्या आवाजात. लांबचे साडू आले, व्याह्यांचे भाचे आले, डेपोतले तीन ड्रायव्हर आले. मी कपाळाला गंध लावून पहिल्या रांगेत बसलो होतो. माझं नाव आलं नाही. शेला-टोप्यांचं ताट रिकामं झालं. मी उठलो आणि न जेवता स्टँडवर गेलो. संध्याकाळी फोन करून सांगितलं, की यापुढे तुमच्या घरचं पाणी पिणार नाही. त्यानंतर भाऊंनी फोनवर लग्नाचा विषय काढला की मी फोन कापायचो.

त्याच वर्षी दिवाळीला आम्ही माझ्या सासरी, बडनेऱ्याला निघालो. मलकापूर आलं तर खिडकीबाहेर भाऊ, हातात डबा. मी म्हणालो, तुमच्या घरचं पाणी पिणार नाही असं मी बोललोय. ते म्हणाले, "पाणी नाही, भरीत आहे. घे."

मी धंद्यातला माणूस. आपला शब्द कुठे संपतो, ते मला बरोबर कळतं. मी डबा घेतला.

तेव्हापासून हे चाललं. गाडी सुटताना भाऊ एकदा तरी म्हणायचेच, की घरी ये, तुझी वहिनी वाट पाहते. त्यांना एवढंच हवं होतं, मी घरी यावं. आणि मला एवढंच हवं होतं, की त्यांनी चार लोकांत चुकलो म्हणावं. दोघंही आपापल्या भावावर अडून होतो. मी मनातून स्वतःला हुशार समजत होतो, कारण माझा राग शाबूत होता आणि भरीतही चुकत नव्हतं. हल्ली वहिनींच्या हातचं मीठ जरा पुढेमागे होतं, असं मी मंदाला म्हणायचो, पण डबा रिकामाच परत जायचा.

परवाच्या पंधरा ऑगस्टला शुक्रवार आला. तीन दिवसांची सुटी, गाडी तुडुंब. आमच्या चार सीटवर नऊ माणसं. मंदा आणि पोरं खिडकीशी, मी कडेला कसाबसा टेकलेला. मलकापूर आलं तसा मी पुढे वाकलो. भाऊ नळापाशीच होते. डबा आत आला. भाऊंनी कागद काढला, चष्मा सारखा केला. पहिला मुद्दा नेहमी तब्येतीचा असतो, म्हणून मी बरं आहे म्हणायला तोंड उघडलं.

"मुद्दा एक," भाऊ म्हणाले. "छायाच्या लग्नातली शेला-टोपी."

ज्या विषयाची मी नऊ वर्षं वाट पाहिली, तो असा समोर आल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण माझं टाळकं फिरलं. माझा नऊ वर्षांचा मान हा माणूस खिडकीच्या गजांतून, दोन मिनिटांत, डब्यासोबत उरकून टाकतो आहे, असं मला वाटलं. गजांतून धड भांडताही येत नाही. मी माणसं ढकलत, पिशव्या ओलांडत दारापर्यंत गेलो आणि खाली उतरलो. मग जे काही साठलं होतं ते सगळं काढलं. वांगी काढली, आचारी काढला, तिन्ही ड्रायव्हर काढले. भाऊ मधेच माझ्या तोंडासमोर टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, माझी टिंगल करतात. मी आणखी चढलो.

मग माझ्या पाठीमागून गाडी हलली. दारात माणसं लोंबत होती, पाय ठेवायला जागा नव्हती. मंदा खिडकीतून माझ्याकडे अगदी शांतपणे बघत गेली. पोरांनी हात हलवले.

"गेली," भाऊ म्हणाले.

मी म्हणालो, तुमच्यामुळे गेली.

"हाव. आता बस थे बाकड्यावर अन् मुद्दा एक पुरा आयक. आता तं टाइमच टाइम आहे."

मी बसलो. भाऊ बसले नाहीत. एसटीत उभं राहूनच बोलायची सवय.

"शेला-टोपी कोणाले देतात?"

पाहुण्याला, मी म्हणालो.

"तू काय पाहुणा होता बे? ताट धरून माह्या बाजूले कोणी उभं राह्याचं होतं? घरचा भाऊ उभा राह्यते. मी तीन खेपा मागं वळून पाह्यलं. तू पह्यल्या रांगेत गंध लावून बसलेला, व्याह्यासारखा. शेवटी ताट त्या डेपोतल्या पोट्ट्याच्या हाती देल्लं. तुले बोलवा लागते का, रम्या?"

मी विचारलं, की मग हे नऊ वर्षं सांगितलं का नाही.

"फोन कोण कापते? अन् गाडीवर सातव्या मुद्द्यापर्यंत कोण जाऊ देते?"

पहिलाच का नाही घेतला, मी विचारलं.

"पह्यला घेतला असता तं तू डबा बाहेर फेकला असता. भरीत फुकट गेलं असतं."

आणि मग आज का घेतला, असं मी विचारलं तेव्हा भाऊंनी आधी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. "तुह्या वहिनीनं सांगितलं," म्हणाले. "आज थोच पह्यला घ्या म्हने."

तेवढ्यात मंदाचा फोन आला. तिला गर्दीत बसायला नीट जागा झाली होती, कारण मी नव्हतो. तिचा भाऊ बडनेऱ्याला घ्यायला येणार होता. पुढची गाडी चार वाजता आहे, तोवर घरी जाऊन जेवा, आणि तिथे तोंड आवरा, एवढं सांगून तिने फोन ठेवला. डबा तिच्याकडेच राहिला होता.

आता भाऊ घरी चल म्हणतील, मी एकदा नाही म्हणेन, ते पुन्हा म्हणतील, मग मी उठेन, असा माझा हिशेब होता. नऊ वर्षं दर खेपेला म्हणत आलेले भाऊ त्या दिवशी काही म्हणाले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि एवढंच बोलले, की शेजारची बाई बाराला उठून जाते, मला निघावं लागतं. आणि निघाले. कोणती बाई, कशाला बसली आहे, हे विचारायला मला त्यांच्या मागे जावं लागलं. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी रिक्षावाल्याशी भाव केला नाही.

घराचा रंग तोच होता. पण दाराशी गेलो आणि थांबलो. उंबरठा नव्हता. मावशी रोज सकाळी ज्याच्यावर हळदकुंकू वाहायची, तो सागवानी उंबरठा काढून तिथे सिमेंटचा उतार केला होता, अंगणापासून थेट आतल्या फरशीपर्यंत. चांगल्या नांदत्या घराचा उंबरठा कोणी काढत नाही. मी भाऊंकडे पाहिलं.

"खुर्ची अडे," ते म्हणाले.

आत चाकांच्या खुर्चीत वहिनी होत्या. डावा हात मांडीवर ठेवलेला, तो ठेवलेल्या जागीच राहिला. उजव्या हाताने त्यांनी पदर सारखा केला आणि मला बघून हसल्या, अर्ध्या तोंडाने. लकवा होऊन दोन वर्षं झाली होती. छाया महिन्यातून एकदा पुण्याहून येऊन जायची, बाकी घरात हे दोघंच. भाकरी भाऊ थापत होते, वांगी भाऊ भाजत होते, आणि खुर्चीतून वहिनी मिठाचा अंदाज सांगत होत्या. नात्यात कोणाला पत्ता नव्हता. मी भाऊंवर चिडलोच, म्हणालो, एवढं झालं आणि तुम्ही गाडीवर येऊन आमची तब्येत विचारत होता.

"सांगून काय करतो? दोन मिनिटात सांगितलं तं लोकं दोन मिनिटं वाईट वाटून घेतात अन् गाडी चालली जाते. हिले थे नाही पायजे."

वहिनींना काय पाहिजे, ते मला लगेचच कळलं. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. बोलणं सावकाश, शब्द थोडे जड, पण एकही प्रश्न सुटला नाही. मंदाची साडी, पोरीचे केस, पोराची उंची, सगळं पहिल्यापासून. भाऊंच्या टिपणांवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. "हे येऊन सांगतात, हिरवी होती. हिरवी कोणती, भाऊजी? पोपटी, मेंदी, का तुरीच्या शेंगेवानी? यायले दोनच रंग समजतात, सिग्नलचे." मला मंदाच्या साडीचा रंग सांगता येईना. त्या दिवशी सकाळपासून तिच्यासोबत होतो, तरी. मी मंदाला फोन लावला आणि गाडीतूनच तिचा फोटो मागवला. मोबाइल वहिनींच्या डोळ्यांसमोर धरला. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "मोरपंखी आहे. हिरवी नाहीच."

जेवण झालं. माझ्या हातात पाण्याचा तांब्या कोणी दिला आणि मी तो कधी रिकामा केला, ते मला सांगता येणार नाही. मी वहिनींना विचारलं, की आज शेला-टोपीचा मुद्दा पहिला घ्यायला का सांगितला.

"तुमी उतरान म्हणून," वहिनी म्हणाल्या. "मले तुमच्यातली खोड माईत आहे, भाऊजी. राग आला की तुमी बसल्या जागी राह्यत नाही."

मी हसलो. भाऊ हसले नाहीत, म्हणून मी वळून पाहिलं. ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि झोपले होते. मान एका बाजूला कलली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. वहिनींनी आवाज एकदम खाली आणला. हे दुपारी झोपत नाहीत, म्हणाल्या. कूस बदलायची असते, पाणी लागतं, मधेच हाक मारावी लागते, म्हणून दोन वर्षं असेच टक्क जागे बसतात. त्यानंतर आम्ही कुजबुजत बोललो. त्यांनी मला चहाचा डबा कुठे आहे ते खुणेने दाखवलं. त्यांच्या पाठीशी उशी कशी लावायची, तेही शिकवलं. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं.

चार वाजले. दुरून गाडीचा भोंगा ऐकू आला. भाऊंचे पाय जरा हलले, जसे काही निघायच्या तयारीत. मी आणि वहिनी बोलायचे थांबलो. गाडी स्टेशनात आली असेल, थांबली असेल. मग ती सुटल्याचा भोंगा झाला, नांदुऱ्याकडे आवाज लांब होत गेला आणि बंद पडला. भाऊ जागे झाले नाहीत. दारातून उन्हाची तिरीप आत येऊन त्यांच्या तोंडावर पडली होती. वहिनींनी मला डोळ्यांनीच सांगितलं, दार लोटून घ्या. मी उठून हलक्या हाताने लोटून घेतलं.